जिन्यावरची ओळ

खाणकामगारांच्या वाचनालयाच्या माडीवर, मंगळवारी, सातला,
इझोबेल ट्वेडल ओल्या बोळ्यानं फळा पुसायची.
डरहॅमकडचं गाव. बाकांवर सात-आठ पुरुष,
अंघोळ झालेले, तरी पापण्यांच्या कडेला कोळसा राहिलेले,
आणि दिवेघरातली मॉड हेपल,
जिला कवितेपेक्षा तिथली शेगडी आवडायची.

बाईंनी व्याख्या लिहिली नाही.
"ऐका," म्हणाल्या, आणि दाराकडे बोट केलं.
सेप्टिमस रेन येत होता, नेहमीसारखा उशिरा.
डावा पाय दगडाखाली सापडल्यापासून
तो नुसता टेकवायचा, भार सगळा उजव्यावर:
टक् धप्, टक् धप्.
पायऱ्या दहा, जोड्या पाच.
"ही झाली ओळ. सेप, पुन्हा खाली जा."
तो गेला. शिव्या देत, पण गेला.

त्यांच्याकडे लघु-गुरू वेळेनं ठरत नाहीत,
आवाजाचा भार कुठे पडतो ते बघतात.
बाईंनी जोडलेली ओळ अर्थात इंग्रजी होती;
शब्द मी आपले घातलेत, वजन तेच ठेवून:

    निघा, चला, दिवा धरा, पहा.

सगळ्यांनी ती बुटांनी म्हटली, तासभर.
खालच्या ग्रंथपालानं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.
तोही, बेटा, तालातच.

पुढच्या मंगळवारी कथबर्ट ऑलिफंट वैतागून आला.
बायकोसाठी बारा ओळी लिहिल्या होत्या, एकूण एक अचूक,
आणि वाचता वाचता त्यालाच जांभई आली.
"पंपासारखं वाजतंय हे."
"खाणीतला पंप तुला कधी ऐकू येतो?"
"कधीच नाही. अडखळला तरच."
"मग अडखळू दे. पण कुठे, ते तू ठरव."

    चाल गड्या, दिवा धरा, पहा.

पहिलंच पाऊल उलटं. मॉडची विणकामाची सुई थांबली.

    निघा, चला, थांबा इथे, पहा.

दोन जड पावलं शेजारी शेजारी;
छत करकरलं की पुढचा माणूस हात वर करतो, तशी.
हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग त्यांनी शेवटी एक हलकं अक्षर जास्तीचं ठेवलं:

    निघा, चला, दिवा धरा, पहाट

आणि तो ट कुठेच न टेकता राहिला,
अकरावी पायरी आहे समजून उचललेल्या पायासारखा.
रात्रपाळीचे दोघं हसले.
पहाट म्हणजे त्यांची झोपायची वेळ.

"आणि हे बघा," बाई म्हणाल्या,
"कुठलीच धप् दुसरीइतकी जड नसते.
शेवटची पायरी सेप हळूच घेतो,
दार लोटलेलं आहे का, ते बघत."
सेप्टिमसला हे ठाऊक नव्हतं. तो लाजला.

फेब्रुवारीपासून तो चौथ्या पायरीवर थांबू लागला.
आधी श्वासापुरता. मग खोकल्यापुरता.
बाईंचा खडू फळ्यापासून बोटभर अंतरावर, तसाच.
"याला यती म्हणतात," कथबर्ट पुटपुटला
आणि लगेच त्यानं मान खाली घातली.
पुढच्या आठवड्यात कठड्याला कुणीतरी
एक फळी दोरीनं बांधून ठेवली होती,
माणूस बसेल एवढी.

एप्रिलात सेप्टिमस बहिणीकडे गेला, समुद्रकाठी, हवेसाठी.
फळी कुणी सोडली नाही. अंधारात
ती सगळ्यांच्या नडगीला लागायची.

कथबर्टनं बारा ओळी नव्यानं लिहिल्या.
बायको त्यात आता फक्त दोनदा येत होती.
तो उभा राहून वाचू लागला, आवाज न चढवता.
अकरा ओळींत पाच पाच,
मध्येच एखादी उलटी, एखादी घसरलेली,
कुणालाच जांभई आली नाही.
बाराव्या ओळीत चार.

बाईंनी लाल पेन्सिल उचलली.
"इथे एक पाऊल कमी आहे."
"मोजलंय मी," कथबर्ट म्हणाला.

पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.
शेगडीपाशी मॉडची टाच, ताल धरता धरता,
उचलली गेली होती. ती तशीच राहिली.